मेव्हणेगिरी हा शब्द पैदा जाहला त्याची हकीकत

श्री. प्रथम नमन जिभेस, कारण तीस हाड नाही आणि ती कोणाचा हुकूम मानीत नाही; दुसरे नमन बोरूस, कारण तो हुकुमाशिवाय हलत नाही; आणि या दोहोंचे भांडण पाहून जी शारदा गालात हसते तीस साष्टांग दंडवत. शके सोळाशे एकसष्ट, सिद्धार्थीनाम संवत्सर, चैत्रापासून ज्येष्ठापावेतो एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले असे. राज्य कोणते हे वाचणाराने पुसो नये. नाव सांगितले तर तेथील मेव्हणे रागावतील, आणि न सांगितले तर ठिकठिकाणचे मेव्हणे आपल्यावरच लिहिले समजतील. दुसऱ्यात गर्दी अधिक असल्याने राग वाटला जाईल, ऐसे जाणोन नाव गाळिले.

तर त्या राज्यात तोफखाना, पीलखाना, मुदपाकखाना ऐसे अठरा कारखाने होते ते होतेच, परंतु एकोणिसावा शब्दखाना होता, आणि तो दुसऱ्या कोणत्याही दौलतीत नव्हता. वहिवाट ऐसी की, सरकारी कागदात नवा शब्द यावयाचा तर तो शब्दखान्यात घडावा आणि शिक्का होऊन मगच बाहेर पडावा. त्या कारखान्यावर धोंडो त्रिमल शब्दनीस होते. वय साठीस टेकलेले, पागोटे नीट, स्वभाव किरकिरा, आणि मोजदाद इतकी पक्की की जेवताना वरणातल्या मोहऱ्यासुद्धा मनात मोजीत. त्यांनी तीन भिंतींस सागवानी खण करून त्यांत लाकडी पट्ट्या ठेविल्या होत्या आणि एकेका पट्टीवर शब्दाचा एकेक तुकडा कोरिला होता. पहिल्या भिंतीस उभे शब्द, म्हणजे जे आपल्या पायांवर उभे राहतात: घर, काम, शिपाई, भांडण, शहाणा. दुसऱ्या भिंतीस भालदार, म्हणजे जे शब्दाच्या पुढे चालतात आणि त्याचे दैव फिरवितात. बे पुढे जाहला की इमान बुडाले, गैर पुढे जाहला की हजर माणूस सापडेनासा होतो. आणि तिसऱ्या भिंतीस पाठीराखे: पणा, गिरी, खोर, दार, खाना, नीस. हे पाठीराखे एकटे सोडले तर दोन पावले चालवत नाहीत, अर्थ पुसला तर खाली मान घालितात. परंतु कोणाच्या पाठीशी लागले म्हणजे दौलत हलवितात. शिपायाच्या पाठीशी गिरी लागली तर त्याच्या घरी चूल पेटते, भांडणाच्या पाठीशी खोर लागला तर शेजारी घर बदलितात. शब्दनीस म्हणत की, शब्द कोणी आकाशातून आणीत नाही, तो जुळवावा लागतो, आणि जुळविला म्हणजे तुकड्यांत नव्हते तेवढे बळ त्यात येते. स्वतःच्या हुद्द्यातला नीस त्यांनी आपल्या हाताने घासून लखलखीत ठेविला होता.

आणि दुसरी वहिवाट ऐसी की, जुळविलेला शब्द सोमवारी दवंडीवाल्याने चार चौकांत एकेकदा उच्चारावा आणि मग शब्दखान्याच्या कोणी माणसाने त्याचे नाव काढू नये. देवडीसमोर चांदबी तांबोळिणीची पानाची बैठक होती. सारा गाव तेथे चुना मागावयास येई. आठ दिवसांत तो शब्द पाच अनोळखी माणसांच्या तोंडून, कोणी न शिकविता, तिच्या कानी परत आला तर तो जिवंत ठरे. एकेका तोंडामागे चांदबीने एकेक सुपारी पितळी वाटीत टाकावी, आणि पाच जाहल्या म्हणजे शब्दकर्त्यास हुजुरातून जरीकाठी शेला आणि दप्तरात नाव, ऐसा मान होता. न आला तर शब्द कागदात राही, आणि जिवंत म्हणोन कोणी त्यास ओळखीत नसे. धोंडोपंतांनी एकोणतीस वर्षांत, पुढे सांगितलेले अकरा धरून, एक हजार एकशे चाळीस शब्द पाठविले. परत आले किती, हे त्यांस कोणी विचारीत नसे, आणि विचारले तर ते अंगरख्याचे बंद बांधू लागत. मनात मात्र एकच इच्छा होती की, मरणापूर्वी आपला एक तरी शब्द परक्याच्या तोंडी ऐकावा आणि तो शेला खांद्यावर घ्यावा.

ऐसे असता चैत्रमासी राणीसाहेबांचे बंधू राजश्री हैबतराव बहिणीस भेटावयास आले आणि भेट संपली तरी राहिले. त्यांस काम काही नव्हते, परंतु उद्योग फार होता. त्यांनी चौघड्याची वेळ पुढे नेली, कारण झोप मोडते. मग घटिकापात्र उन्हात तापते म्हणोन सावलीत नेवविले आणि नेताना ते दोनदा उलटले, त्यामुळे सारे राज्य तीन दिवस अर्धी घटिका मागे चालिले. मग मुदपाकखान्यात जाऊन आमटी चाखून मीठ कमी म्हणोन सांगितले, आणि दुसऱ्या दाराने येऊन तीच आमटी चाखून मीठ जास्त म्हणोन सांगितले. तेव्हां राणीसाहेबांनी श्रीमंतांपाशी हट्ट धरिला की, माझे बंधू एवढे राबतात, त्यांच्या उद्योगास काही शब्द नसावा काय. श्रीमंत सरकार मोठे धूर्त, संसारात आणि राज्यात कोठे हो म्हणावे हे जाणून होते. त्यांनी शब्दनिसांस आज्ञा केली की, राजश्री जे करितात त्यास शब्द घडवावा आणि तो बाजारातून फिरून यावा. शब्दनिसांनी सर्वदेखरेखदार केला, हुजूरनिकटनीस केला, ऐसे अकरा केले, आणि अकराही एकाच सोमवारी गेले ते गेलेच. नृसिंहशास्त्री म्हणोन दरबारी पंडित होते, त्यांचा शब्दखान्यावर बहुत दिवस डोळा. त्यांनी बारावा शब्द आपण करून दिला, श्रीमन्महाराजश्वशुरकुलावतंस, तो उच्चारताना दवंडीवाला दुसऱ्या चौकात मध्येच पाणी प्यावयास बसला आणि पुढील चौकांत फक्त ढोल वाजवून आला.

मग वैशाखात हैबतरावांची स्वारी शब्दखान्यात आली. खण पाहून ते म्हणाले की, हा काय घोळ, लांब पट्टीशेजारी आखूड पट्टी, दिसावयास ओंगळ. आणि उभ्या उभ्या हुकूम केला की, सर्व पट्ट्या लांबीप्रमाणे लावाव्या. शब्दनिसांनी हात जोडून सांगितले की, पुढचे पुढे आणि पाठचे पाठी ऐसी लावणी आहे, लांबीशी तिचे नाते नाही. परंतु राजश्रींनी हसून म्हटले की, नात्याचे आम्हांस सांगता काय. संध्याकाळपावेतो भालदार आणि पाठीराखे एका खणात पडले. त्याच दिवशी कारकुनाने घाईने कागद केले, त्यांत दारदुकान आणि खोरभांडण ऐसे शब्द निघाले, म्हणजे शेपटे डोक्यावर चढली, आणि एकोणतीस वर्षांची लावणी एका दिवसात मोडली. शब्दनीस घरी आले, पाय धुतले, पानावर बसले, पहिला घास हातात घेतला, आणि त्या संतापात त्यांचे बोलणे हैबतरावांवर आले, ठसका लागला, पाणी प्याले, आणि त्या गडबडीत केव्हातरी तो शब्द पानावर पडला: मेव्हणेगिरी. शब्दनिसांचे कुटुंब मथुबाई भात वाढीत होत्या. त्यांनी तूप वाढिले आणि दुसरे दिवशी सकाळी विहिरीवर गेल्या.

तिसरे दिवशी शब्दनीस पान घ्यावयास चांदबीपाशी गेले तो एक अनोळखी घोडेवाला दुसऱ्यास म्हणत होता की, नुसती मेव्हणेगिरी करू नको, खोगीर उचल. शब्दनिसांच्या हातातील पान गळाले. मग एक सोनार म्हणाला, मग पाणी वाहणारा एक पखाल्या म्हणाला, मग एक नवरी मुलगी सासऱ्याच्या कानावर जाईल ऐसे हळूच म्हणाली. चांदबीची वाटी भरली, तिने ताट घेतले, ताट भरले, तिने सूप घेतले. एकोणतीस वर्षांनी आपले लेकरू बाजारात धावताना धोंडोपंतांनी पाहिले. छाती भरून आली, आणि त्याच घटकेस पंचाईत पडली, कारण हे लेकरू माझे म्हणावे तर मुंडके जाईल आणि न म्हणावे तर शेला जाईल. ते घरी आले, आणि गळालेले पान उचलावयाचे राहिले ते राहिलेच.

शब्द हैबतरावांच्या कानी गेला तेव्हां त्यांनी क्रोधे करून पहिली तजवीज ही केली की, शब्द तोडावा. मेव्हणा हा तर राणीसाहेबांचा बंधू, तो तोडता येत नाही; म्हणोन गिरी जप्त करावी. गिरीची पट्टी लोखंडी पेटीत घालून कुलूप केले, किल्ली हैबतरावांनी कमरेस लाविली, आणि हुकूम फिरला की, जेथे जेथे कागदात गिरी असेल ती गाळावी. कारकून हुकमाचे बंदे, त्यांनी गाळिली. तेणेकरून सरहद्दीवरील सरदारास जी कामगिरी लिहिली होती ती नुसते काम होऊन पोहोचली; सरदाराने उत्तर लिहिले की, काम तर आम्ही रोजच करितो, कामगिरी येईल तेव्हां घोड्यावर बसू, आणि जेवावयास बसला. वकिलाची मुत्सद्देगिरी थांबली, तो परमुलखात नुसता मुत्सद्दी होऊन हवापाणी बोलू लागला. हमालांनी नदीच्या उतारावर तोफ टेकविली आणि सांगितले की, आमच्या सनदेतील हमालगिरी खोडली, तोफ सरकारने न्यावी. जहागिरीवाले घाबरले की, कारकुनास एवढे बारीक दिसावयाचे नाही, आमचेही शेपूट कापले जाईल. त्यांतील दोघांचे कापलेही गेले. इकडे बाजारास मात्र कुलूप घालील ऐसा लोहार जन्मास यावयाचा होता. लोकांनी पाहिले की गिरी कैदेत आहे, तेव्हां त्यांनी मेव्हण्यास दुसरे पाठीराखे दिले: मेव्हणेपणा जाहला, मेव्हणेखोर जाहला, आणि ज्यास बायकोचा भाऊ नाही त्या सुखी माणसास बेमेव्हणा म्हणू लागले. एक तुकडा धरिला तर दहा सुटले. सहावे दिवशी श्रीमंतांनी तोफेकडे पाहून किल्ली मागून घेतली.

मग हैबतरावांनी दुसरी तजवीज काढिली की, शब्द न मरे तर शब्दकर्ता धरावा, त्याचा हुद्दा आणि घर काढून त्यास हद्दीपार करावे. आणि शोध करावयाचे काम शब्दनिसांवर टाकिले, कारण शब्दांची पारख त्यांच्याएवढी कोणास. धोंडोपंतांनी मुजरा केला आणि आपला शोध आपणच करावयास निघाले. परंतु येथे कारकुनांनी जे केले ते त्याच राज्याचे कारकून करू जाणत. दप्तरात शब्दकर्त्यास बोलावण्याचा मायना एकच होता, तो सन्मानाचा. शिक्षेसाठी शब्दकर्ता बोलाविण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. त्यांनी तोच मायना काढिला, मोकळ्या जागेत शब्द भरला आणि दवंडी पिटविली की, ज्या गुणिजनाने मेव्हणेगिरी हा शब्द निर्मिला त्याने हुजूर येऊन आपला मान स्वीकारावा. दुसरे दिवशी सदरेवर त्रेचाळीस गुणिजन हजर. न्हावी म्हणाला की, हजामत करिता करिता मला सुचला. परटाने सांगितले की, धोंड्यावर कपडा आपटला आणि मे निघाला, पुन्हा आपटला आणि व्हणे निघाला. एकाने तर आपला मेव्हणाच साक्षीस आणिला. आणि सर्वांपुढे पगडी नीट करून नृसिंहशास्त्री उभे. ते म्हणाले की, मूळ संस्कृत शब्द श्यालकवृत्ति, म्हणजे मेव्हण्याचा धंदा, तो मीच कल्पिला, लोकांनी त्याची पगडी काढून मुंडासे बांधिले इतकेच.

शब्दनीस त्यांच्याकडे पाहत राहिले. मनात हिशेब चालला. आपण मान हलविली की शब्द शास्त्र्यांचा. मग शास्त्री हद्दीपार, शब्दखान्यावरचा डोळा गेला, घर राहिले, हुद्दा राहिला, मथुबाईंस म्हातारपणी परगावी चूल मांडावी लागत नाही. सर्व जमेचेच. परंतु दप्तरात चंद्रसूर्य असेतो लिहिले जाईल की, कर्ता नृसिंहशास्त्री; आणि ज्या माणसास पाठीराखे कोणते आणि भालदार कोणते हे कळत नाही त्याच्या नावाने आपले एकुलते एक लेकरू नांदेल. कारकुनाने बोरू शाईत बुडविला. शब्दनिसांनी तो बोरू पाहिला आणि तोंडातून गेले:

"सरकार, शब्द माझा आहे."

तेव्हां हैबतराव आनंदाने उठिले आणि त्यांनी शिक्षा वाचून दाखविली. शिक्षा अर्धी वाचून होते तो बेचाळीस गुणिजन सदरेच्या तीन दारांनी गेले. न्हावी जाताना म्हणाला की, मी तर नुसता ऐकिला. शास्त्रीबुवांस आठवण जाहली की आज आपले मौन आहे, ते त्यांनी तेथूनच धरिले आणि हाताने खुणा करीत पायऱ्या उतरले. सदरेवर धोंडोपंत एकटे राहिले, परंतु मान वर होती. श्रीमंतांनी म्हटले की, शिक्षा मोठी, पुरावा पाहिजे; सुपाऱ्यांची साक्ष काढा. चांदबीस बोलाविले. ती तोंडातील पान एका गालात सारून म्हणाली:

"पंत, राग मानू नका. एकोणतीस वर्षे तुमचे शब्द माझ्या वाटीत पाहते. हजारावर एकशे चाळीस गेले. पाच सुपाऱ्या एकालाही नाहीत. एकदा चार झाल्या होत्या, त्यांतली एक तुमच्या साडूची."

"साडू परगावचा होता," शब्दनीस म्हणाले.

"परगावचा खरा, पण उतरला तुमच्याच घरी होता."

सदर हसली. दप्तर काढिले, एक हजार एकशे चाळीस नावांपुढे कोरी जागा निघाली, आणि ती सर्वांदेखत पानोपान उलटली गेली. धोंडोपंत म्हणत होते की, हाच एक, पण हा माझाच. श्रीमंतांनी उपरणे तोंडाशी धरिले, बराच वेळ धरिले, आणि मग म्हणाले, "शब्दनीस, तुमच्या हातचा शब्द आणि बाजारात धावतो, हे आम्ही मानावे कसे? तुम्ही वृद्ध सेवक, दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेता, ही तुमची थोरवी."

"सरकार, हद्दपार करा," धोंडोपंत म्हणाले, "परंतु माझा म्हणा."

"पुरावा नाही," श्रीमंत म्हणाले.

मग निवाडा जाहला तो ऐसा: कर्ता सापडत नाही, म्हणोन दप्तरात कर्ता रयत ऐसे लिहावे. शब्दास सुपाऱ्या सूपभर आहेत, तो वहिवाटीने जिवंत, तो नाकारावयाचा अधिकार हुजुरासही नाही. आणि राणीसाहेबांच्या विनंतीवरून राजश्री जे करितात त्यास चैत्रापासून शब्द पाहिजेच होता, तो बाजारातून फिरून आपणहून आला. तरी राजश्री हैबतरावांस मेव्हणेगिरी सांगितली असे, त्यांनी ती इमानेइतबारे करीत जावी, इतर कारखान्यांत हात घालू नये, सनद सादर. हैबतराव प्रथम लाल जाहले. परंतु सनदेस रेशमी गोंडा होता, वर शिक्का होता, आणि वाचणाराने त्यांस तीन वेळा राजश्री म्हटले. त्यांनी ती मस्तकी लाविली आणि बहिणीस दाखवावयास घेऊन गेले. दुसरे दिवशी शब्दखान्यातील पट्ट्या पुन्हा पुढच्या पुढे आणि पाठच्या पाठी लागल्या.

धोंडोपंत भर दुपारी घरी आले. हुद्दा राहिला, घर राहिले, आणि तोंड ऐसे की जणू हद्दीपार होऊन आले. मथुबाई अंगणात खाटेवर पापड वाळत घालीत होत्या. पंतांनी सर्व सांगितले, चांदबीचे सांगितले, साडूचेही सांगितले, आणि म्हणाले, "माझा एक शब्द जगला, आणि तोही माझा नाही म्हणतात."

मथुबाईंनी हातातला पापड नीट पसरिला.

"अहो, तुम्ही इतकेच म्हणालात की, हा मेव्हणा, आणि ह्याची ही, ही... आणि ठसका लागला. पाणी मी दिले. पुढचे लावले ते मी. विहिरीवर नेले तेही मीच. शब्द करणाऱ्याला शेला असतो म्हणता, तर माझा कुठे आहे?"

धोंडोपंत उभे राहिले. मनात तो दिवस मागे नेऊन घास, ठसका, तांब्या, तूप ऐसे एकेक मोजू लागले, आणि हिशेब जेथे चुकत होता तेथे बरोबर आला. एक हजार एकशे चाळीस आणि शून्य. मग आत गेले, हुद्दा मिळाला तेव्हां जो शेला पांघरला होता तो खुंटीवरून काढिला, झटकला आणि आणून तिच्या पुढ्यात धरिला. मथुबाईंनी तो हातात घेतला, जरीचे काठ उलटसुलट पाहिले, म्हणाल्या, "बरा आहे, चिमण्या फार येतात," आणि पापडांवर पसरून चार कोपऱ्यांस चार खडे ठेविले. धोंडोपंत खाटेच्या सावलीस बसले आणि संध्याकाळपावेतो कावळे हाकीत होते.

सारांश, शब्द तुकड्यांचा होतो हे शब्दनीस जाणत होते. ते तुकडे कोणाच्या ठसक्यात आणि कोणाच्या तोंडी जुळतील हे तिन्ही भिंतींवर कोठे लिहिले नव्हते. दप्तरात कर्ता रयत ऐसे आहे. त्यापुढे पुसट शाईने, शब्दनिसांच्या वळणाचे, मथुबाई ऐसे अक्षर दिसते. ते लिहिणाराने पाहिले, वाचणाराने कोणास सांगो नये. इति लेखनसीमा.